दाखला कुणाचा, दुखणं कुणाचं?

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



एम.एस.डब्ल्यू. करत असताना मी एका डॉक्टरांच्या संशोधनासाठी वस्तीत फॉर्म भरून घ्यायला जात असे. पाळी, बाळंतपणं, अंगावरून पांढरं जाणं, सगळं विचारायचं. एका मावशींनी तासभर मन मोकळं केलं आणि शेवटी विचारलं, "पोरी, लिहून तर नेतेस. पण मला औषध कधी मिळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे निबंध छापून आला. मावशींपर्यंत तो पोचला नाही, औषधही पोचलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे. संशोधन चांगलं झालं, हे ठरवायचं कशावरून?

वैद्यकीय जगात याचं उत्तर आकड्यांत देतात. संशोधकाचे निबंध किती छापून आले, आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचे दाखले किती वेळा दिले, ते मोजतात. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात अशा दाखल्यांची सूची काढायला सुरुवात केली. २००५ साली जॉर्ज हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' मांडला. एखाद्या डॉक्टरांचा एच-इंडेक्स २० आहे, म्हणजे त्यांच्या २० निबंधांचे प्रत्येकी निदान २० वेळा दाखले दिले गेले आहेत. नेमणूक, बढती, अनुदान देताना असे आकडे बघितले जातात.

आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण दाखला कशासाठी दिला, हे आकड्याला कळत नाही. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. त्याचे दाखले शेकड्यांनी आहेत, आणि त्यातले पुष्कळसे तो चूक आहे हे सांगणारे!

शिवाय या मोजणीतही बाई मागेच. २०१३ साली 'नेचर'मध्ये ५० लाखांहून अधिक निबंधांचा अभ्यास छापून आला. मुख्य लेखकाच्या जागी बाईचं नाव असलं, तर त्या निबंधाचे दाखले कमी दिले जातात, असं त्यात दिसलं.

आता आपल्या महाराष्ट्रातला एक निबंध पाहू. तोही 'लॅन्सेट'मधलाच, १९८९ सालचा. पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं, सोबत डॉ. अभय बंग आणि सहकारी. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त! आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? शंभरात फक्त ८.

त्या काळी सरकारी दवाखान्याच्या लेखी बाई म्हणजे मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. या निबंधाने सांगितलं की स्त्रीरोगांवरचे उपचार हा प्राथमिक आरोग्यसेवेचाच भाग असला पाहिजे. जगभरच्या अभ्यासकांनी त्याचे दाखले दिले. 'बायकांचं असंच असतं' म्हणून अंगावर काढलेलं दुखणं पुरावा म्हणून कागदावर आलं, हे मला त्या दाखल्यांच्या संख्येहून मोठं वाटतं.

पण पुरावा कपाटात राहिला तर उपयोग काय? तो बाहेर काढायचं काम आपलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बायकांच्या तपासणीला आडोसा नाही, डॉक्टरबाई नाही, औषध नाही, असं निवेदन आपण देतो, तेव्हा त्यात अशा अभ्यासाचा दाखला द्या. आपल्या निवेदनातला दाखला कुठल्याही सूचीत मोजला जाणार नाही. कुणाला त्यावर बढती मिळणार नाही. पण साहेबांना 'तुम्ही उगाच ओरडता' म्हणता येणार नाही.

आणि यापुढे कुणी फॉर्म घेऊन वस्तीत आलं, तर आधी विचारा: हे कशासाठी? आजार निघाला तर उपचार कोण करणार? नावं गुप्त राहतील ना? आणि निघालेलं आम्हाला आमच्या भाषेत कधी सांगणार? उत्तरं मिळाली तर जरूर सहकार्य करा, कारण संशोधन आपल्याला हवंच आहे. मिळाली नाहीत, तर नाही म्हणायचा हक्क आपला आहे.

मावशींना तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. निदान त्यांचा प्रश्न तरी आज तुमच्या हाती सोपवते.