चिमुकल्या घराचें छप्पर

शाळेंतील पाटी ज्या दगडाची होत असे, त्याच दगडाचीं छपरें युरोपांत शेंकडों वर्षें घरांवर घातलीं गेलीं आहेत. आपल्याकडे कौलारू घर म्हटलें कीं लाल रंग डोळ्यांपुढें उभा राहतो. वेल्समध्यें आणि इंग्लंडच्या बऱ्याच भागांत गांवाचा माथा निळसर करडा दिसतो, व पाऊस पडून गेल्यावर कांहीं वेळ तो चकाकत राहतो. हा दगड पातळ थरांनीं फुटतो, पाणी फारसें शोषीत नाहीं, आणि चांगला निघाला तर शंभर वर्षांहून अधिक टिकतो. अशा छपराची हुबेहुब नक्कल वीतभर लांबीच्या पुठ्ठ्याच्या घरावर करणें ही तिकडील हौशी लोकांची एक कला आहे.

प्रथमदर्शनीं हा पोरखेळ वाटेल. परंतु खरें घर मनुष्य खालून पाहतो, आणि मेजावर मांडलेलें घर वरून पाहतो. त्यामुळें खऱ्या घराच्या ज्या भागाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, तोच भाग प्रतिकृतींत सर्वांआधीं डोळ्यांत भरतो. भिंती, दारें, खिडक्या कितीहि सुबक केल्या आणि छप्पर फसलें, तर सारें घर खोटें वाटतें.

या कलेला गंभीर हेतु ज्यांनीं दिला त्यांत रॉय इंग्लंड यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. आडनांव इंग्लंड असलें तरी हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियाचे. 1925 सालीं ते इंग्लंडांत आले आणि ‘व्हेल ऑफ द व्हाइट हॉर्स’ म्हणजे पांढऱ्या घोड्याचें खोरें या भागांतील जुन्या खेड्यांनीं त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पण तीं खेडीं त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होतीं. गवती छपरें उतरत होतीं, जुनीं घरें पडत होतीं. तीं वांचविणें एका माणसाच्या हातीं नव्हतें. निदान तीं जशीं होतीं तशीं 76 पट लहान करून ठेवावीं, असें त्यांनीं मनाशीं घेतलें. पुढें 1954 सालीं लाँग विटनम या गांवीं ‘पेंडन’ हें संग्रहालय याच कामांतून उभें राहिलें. तेथें 1930 च्या सुमाराचें तें खोरें घराघरानें उभारलेलें पाहावयास मिळतें. खरें घर नाहींसें झाल्यावर त्याच्या छपराची साक्ष अशी प्रतिकृतीच देणार असेल, तर त्या छपरांत खोटेपणा चालत नाहीं.

नवशिका बहुधा येथेंच चुकतो. तो करड्या कागदावर चौकटी आंखतो आणि तो कागद पाख्यावर चिकटवून मोकळा होतो. लांबून तें बरें दिसतें. पण दिवा बाजूनें आला कीं लबाडी उघडी पडते, कारण खऱ्या छपरावर प्रत्येक ओळीची बारीक सांवली खालच्या ओळीवर पडलेली असते. ती सांवली रंगानें काढतां येत नाहीं.

म्हणून आधीं खरें छप्पर समजून घ्यावें लागतें. दगडी पाट्या वळचणीपासून आढ्याकडे लावीत जातात. एका ओळींतील दोन पाट्यांची फट खालच्या ओळींतील पाटीच्या मध्यावर येते, म्हणजे फटींतून उतरलेलें पाणी खालच्या पाटीवर पडून वाहून जातें. एवढ्यानेंहि कारागिराचें समाधान होत नाहीं. प्रत्येक पाटी आपल्या खालच्या ओळीला तर झांकतेच, पण तिच्याहि खालच्या ओळीच्या डोक्यावर सुमारें तीन इंच येते. त्यामुळें 20 इंच लांबीच्या पाटीचा साडेआठ इंच भागच उघडा राहतो. बाकीचा दडलेला असतो.

या पाट्यांच्या मापांना वेल्सच्या खाणींत मोठीं गमतीदार नांवें आहेत. 24 इंच लांब व 12 इंच रुंद ती ‘डचेस’, 20 व 10 ती ‘कौंटेस’, 16 व 8 ती नुसती ‘लेडी’. पेनरिन खाणींतील कामगार 1900 पासून 1903 पर्यंत तीन वर्षें मालकाशीं झगडले; त्यांच्या छिनीखालून रोज निघत त्या या उमराव स्त्रियाच!

आतां हिशेब करूं. 76 पट लहान घरांत एक फूट म्हणजे 4 मिलिमीटर. कौंटेसची रुंदी झाली सव्वातीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक, आणि तिचा उघडा भाग पावणेतीन मिलिमीटरांहून थोडासा जास्त. पाखें 30 फूट लांब व 15 फूट उतरतें असेल, तर दर ओळीला 36 पाट्या आणि अशा एकवीस-बावीस ओळी. दोन्ही पाख्यांना मिळून दीड हजारांहून अधिक तुकडे लागतात. एवढे तुकडे चिमट्यानें एकेक लावण्याची चिकाटी सर्वांना नसते. म्हणून बहुतेक जण सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतात, त्यांच्या खालच्या कांठाला पाटीच्या रुंदीगणिक चिरा देतात, आणि त्या पट्ट्या खालून वर, एक ओळ सोडून एक अर्ध्या पाटीनें सरकवून, चिकटवितात. ही रीति वाईट नाहीं. मात्र अगदीं पहिल्या ओळीखालीं अरुंद अशी एक जादा पट्टी घालावी, नाहीं तर वळचण चपटी दिसते. खऱ्या छपरावरहि तेथें आंखूड पाट्यांची एक ओळ असतेच.

कागद कोणता घ्यावा हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. खरी पाटी सुमारें पाव इंच जाड. 76 नें भागल्यावर उरते ती साध्या लिहिण्याच्या कागदाएवढीसुद्धां जाडी नव्हे. पोस्टकार्डाचा कागद घेतला, तर ती पाटी खऱ्या मापानें पाऊण इंच जाडीची होते आणि घर टोपीखालीं दबल्यासारखें दिसतें. पातळ कागद आधींच दोन्ही बाजूंनीं रंगवून वाळवावा. न रंगवितां कापला, तर प्रत्येक चिरेचा पांढरा कांठ दिसत राहतो. आणि चिकटवल्यावर भरपूर पाण्यानें रंगविला, तर फुगून उठतो. पाख्याचा पुठ्ठाहि खळ वाळतांना वर वळतो. म्हणून त्याच्या आंतल्या अंगाला तसाच कागद लावावा व खालीं आडव्या भिंती घालाव्या. कित्येकांचीं महिन्याचीं कामें या एका हयगयीनें वांकडीं झालीं आहेत.

रंगांत काळा शक्यतों टाळावा. वेल्सचा दगड निळसर, करडा, कोठें जांभळट असतो. एकाच छपरांतहि छटा निरनिराळ्या. सर्वत्र मध्यम करडा देऊन मग दहांतली एखादी पाटी किंचित् निराळ्या छटेनें रंगवावी. चकाकणारा रंग मात्र देऊं नये.

उत्साही मंडळी एक चूक हटकून करतात. जुनेपणा आणण्यासाठीं पाट्या हव्या तशा तिरक्या लावतात. खऱ्या छपरावर खिळा गंजला म्हणजे पाटी उतारानें खालीं घसरते. दुरुस्ती करणारा तिला शिशाच्या बारीक पट्टीनें अडकवितो. वासे खचले तर आढें मध्यें किंचित् झुकतें. शेवाळ सावलीच्या बाजूला अधिक धरतें. प्रत्येक बिघाडाला कारण असतें. तें ठाऊक असेल तर दोनच घसरलेल्या पाट्या पुरतात.

वेल्सची पाटी ही रेल्वेबरोबर गांवोगांव गेली. त्यापूर्वीं इंग्लंडच्या कित्येक भागांत जवळचाच चुनखडीचा दगड छपरांवर घालीत, आणि त्याची कथा सर्वांत सुरस आहे. ऑक्सफर्डच्या जवळ स्टोन्सफील्ड म्हणून गांव आहे. तेथील दगड छिनीनें फुटत नसे; तो खाणींतून काढून थंडींत उघड्यावर ठेवीत. त्यांतील ओल गोठली कीं दगड आपोआप थरांनीं उकलत असे. मात्र तो हिंवापूर्वीं वाळला तर सारी मेहनत फुकट. मग तो कधींच फुटत नसे. म्हणून कडक गारठ्याच्या रात्रीं देवळाची घंटा वाजवून गांव जागा करीत, आणि लोक दगडांवर पाणी घालण्यास धांवत, असें सांगतात. त्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडल्या. आतां जुन्या छपरांवरून उतरविलेल्या पाट्याच पुन्हां वापरतात.

हे दगड लहानमोठे निघत, म्हणून सर्वांत मोठे वळचणीला व सर्वांत लहान आढ्यापाशीं लावण्याची पद्धति पडली. ते जाडहि असतात. वेल्सच्या पाटीला जो पोस्टकार्डाचा कागद जाड ठरला, तोच येथें नेमका शोभतो. पण या छपराला एक माप घेऊन भागत नाहीं. खऱ्या घराची प्रत्येक ओळ मोजून वहींत टिपावी लागते, आणि मग तें कोष्टक समोर ठेवून पट्ट्या कापावयाच्या, सर्वांत रुंद ती प्रथम.