शाळा, वस्ती आणि समतेचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गरिबाचे मूल शिकले की ते गरिबीतून वर येते, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. अर्थशास्त्रात जिला पिढ्यांमधील सामाजिक गतिशीलता म्हणतात, म्हणजे आईबापांच्या पायरीवरून मूल किती वर चढू शकते, ती केवळ मुलाच्या बुद्धीवर, कष्टावर अथवा शिक्षकाच्या तळमळीवर अवलंबून नसते. मूल कोणत्या वस्तीत वाढते, त्याच्या शेजारी बाकावर कोणाचे मूल बसते, शाळा सुटल्यावर ते कोणाबरोबर खेळते, यावरही ती फार मोठ्या प्रमाणात ठरते. शाळेचा प्रश्न आणि वस्तीचा प्रश्न हे वस्तुतः एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. ते वेगळे पाडले, की गरीब मुलाला शाळेत एक जागा मिळवून दिली म्हणजे कर्तव्य संपले असे सरकारला वाटू लागते. आणि खेदाची गोष्ट अशी, की चळवळीलाही तसेच वाटू लागते.

महाराष्ट्राच्या समाजसुधारकांनी हे दोन भाग कधी वेगळे मानले नव्हते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि तिच्यातील शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शाळा कोणाच्या पैशावर चालते आणि तिच्यात कोणाची मुले बसतात, हा हिशेब त्यांनी १४० वर्षांपूर्वी मांडला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय जाहीर केला. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा कितीही चांगली चालवली तरी ती वेगळेपण शिकवते, हे त्या राजाला उमगले होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली, त्यामागेही हाच विचार होता. खेड्यातील गरीब मुलाला शाळा मिळाली तरी अभ्यासाला दिवा, पोटाला अन्न आणि शिकणाऱ्यांची संगत मिळाल्याखेरीज तो टिकणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा विचार आणखी पुढे नेला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा प्रारंभ झाला आणि १९२४ साली साताऱ्याला त्यांनी वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या वसतिगृहाने मुलांची केवळ राहण्याची सोय केली नाही, तर त्यांची वस्तीच बदलली. जातीने व दारिद्र्याने आखून दिलेला शेजार काढून घेऊन त्यांना नवा शेजार दिला. ग्रामीण महाराष्ट्राच्या पुढच्या पिढ्यांत जे शिक्षक, वकील, कार्यकर्ते निर्माण झाले, त्यांच्या घडणीत वर्गाइतकाच या सहजीवनाचा वाटा आहे.

जे या सुधारकांनी अनुभवाने जाणले, ते आता आकड्यांनीही सिद्ध झाले आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बॉस्टन, बाल्टिमोर, शिकागो, न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस या पाच शहरांत सरकारने एक प्रयोग केला. दारिद्र्याने ग्रासलेल्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत देण्यात आली. प्रारंभीच्या पाहणीत मुलांच्या परीक्षेतील गुणांत विशेष फरक दिसला नाही आणि प्रयोग फसला असे अनेकांनी म्हटले. परंतु राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुले मोठी झाल्यावर त्यांची मिळकत तपासली. वयाची १३ वर्षे पूर्ण होण्याच्या आत जी मुले नव्या वस्तीत राहायला गेली, त्यांची मिळकत मागे राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाली. तेरानंतर गेलेल्यांना असा लाभ झाला नाही. घर तेच, आईबाप तेच. बदलला तो शेजार, आणि त्या शेजारात बालपणाची किती वर्षे गेली ते निर्णायक ठरले.

याच अभ्यासकांनी २०२२ साली अमेरिकेतील ७ कोटींहून अधिक लोकांच्या मैत्रीसंबंधांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या भागात गरीब व सुखवस्तू माणसांची परस्परांशी मैत्री अधिक, त्या भागातील गरिबांची मुले अधिक वर जातात, असा तिचा निष्कर्ष आहे. परंतु तिच्यात एक इशाराही आहे. दोन वर्गांमध्ये मैत्री न होण्याचे निम्मे कारण असे, की ते एका ठिकाणी येतच नाहीत. उरलेले निम्मे कारण असे, की एका ठिकाणी येऊनही ते परस्परांना टाळतात. म्हणजे एका छपराखाली बसवणे आवश्यक आहे. पण तेवढे पुरेसे नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेतील आकडे येथे कशाला? शंका रास्त आहे. तेथे श्रीमंतांनी शहराबाहेर स्वतंत्र उपनगरे वसवली. शाळांचा खर्च बराचसा स्थानिक मालमत्ता करातून होतो, त्यामुळे श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची शाळा गरीब. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. परंतु १९७४ साली त्याच न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात शहर व उपनगरे यांच्या शाळा एकत्र आणण्यास नकार दिला. भेद कायद्याने गेला आणि अंतराने परत आला.

भारतातील स्थिती निराळी आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. येथे गरीब व श्रीमंत यांच्यात सहसा मैलांचे अंतर नसते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते, आणि या झोपडपट्ट्या उंच इमारतींना लागूनच आहेत. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये मिठी नदीचेच काय ते अंतर. खेड्यातही गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती हाकेच्या अंतरावर असते. वस्तीतील मूल व इमारतीतील मूल एकाच रस्त्याने शाळेला निघते; फरक एवढाच, की एक पालिकेच्या शाळेत शिरते आणि दुसरे मोठ्या फीच्या इंग्रजी शाळेत. येथे मुलांची फारकत अंतराने केलेली नाही, ती फीने केलेली आहे. म्हणून ती अटळ नाही.

अर्थात वस्तीवस्तीतील भेदभावही येथे आहेच. सॅम ॲशर, पॉल नोव्होसाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील सुमारे १५ लाख लहान परिसरांची माहिती तपासली. देशातील २६ टक्के मुस्लिम असे आहेत, की त्यांच्या परिसरात ८० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या मुस्लिमांचीच आहे; अनुसूचित जातींच्या बाबतीत असे प्रमाण १७ टक्के आहे. एकाच शहरात अशा परिसरांना सरकारी शाळा व दवाखाने तुलनेने कमी मिळतात आणि तेथील मुलांचे शिक्षण मागे पडते, असे त्यांना आढळले. सरकारी शाळा कोठे काढायची हे सरकारच ठरवते. हा भेद बाजाराने केला, असे म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत.

या रोगावरचे औषध देशाला ठाऊक नव्हते असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धती व परिसर शाळा यांची शिफारस केली. परिसरातील सर्व मुले, मग ती कोणाचीही असोत, एकाच सार्वजनिक शाळेत जावीत, असा तिचा आशय. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर परिसरातून आलेले जे. पी. नाईक, शाहूंच्या भूमीतील विचार त्यांच्याबरोबर दिल्लीला गेला असे म्हणणे अनुचित होणार नाही. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळेचा स्वीकार झाला. तो कागदावरच राहिला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समान शाळेऐवजी खाजगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना २५ टक्के जागा दिल्या. तडजोड होती, पण निरर्थक नव्हती. दिल्लीतील खाजगी शाळांत अशी गरीब मुले आल्यावर सुखवस्तू मुलांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास गौतम राव यांनी केला व तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांसोबत शिकलेली सुखवस्तू मुले अधिक उदार झाली आणि गरिबांना टाळण्याची त्यांची वृत्ती कमी झाली. त्यांच्या हिंदी व गणिताच्या अभ्यासाचे नुकसान झाले नाही. इंग्रजीत काय तो किरकोळ फरक पडला. ‘त्यांच्या’ मुलांमुळे ‘आमच्या’ मुलांचे वाटोळे होईल, या भीतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे?

तथापि एवढी तडजोडही सहन झाली नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून सरकारी अथवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द ठरवला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. ज्या एका किलोमीटरच्या वर्तुळात गरीब आणि श्रीमंत मुले एकत्र यावीत, तेच वर्तुळ त्यांना वेगळे ठेवण्यासाठी वापरले गेले. हे कारकुनी चुकीने घडलेले नाही.

दुसरीकडे २०२३ साली राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक सांगण्यात आली. पट घसरला हे खरे. पण आधी ऐपतदाराने मूल काढून घ्यायचे, मग ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही अशाचीच मुले शाळेत उरायची, मग शाळेची हेळसांड व्हायची आणि शेवटी पट नाही म्हणून तिला कुलूप लावायचे, हा क्रम कोणी घडवला? वाडीतील शाळा गेली की पहिली घरी बसते ती मुलगी.

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहणे प्राप्त आहे. समान शाळेचे ठराव अधिवेशनांत एकमताने संमत होतात. ठराव मांडणाऱ्यांची आणि त्याला अनुमोदन देणाऱ्यांची मुले मात्र बहुधा फीच्या शाळेत असतात. यात व्यक्तिगत दोष देण्याचा हेतू नाही. कोणत्याही आईबापांना आपल्या मुलाचा बळी देऊन तत्त्व सांभाळा असे सांगता येत नाही. परंतु परिणाम डोळ्यांआड करता येत नाही. ज्या शाळेत बोलणाऱ्यांची मुले नाहीत, त्या शाळेबद्दल कोणी बोलत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर व लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत अशी व्यवस्था करण्यास सांगितले. त्या आदेशाची अंमलबजावणी झाली नाही. पण न्यायालयाने बोट ठेवले ते नेमक्या जागी.

तेव्हा मागणी काय असावी? पहिली, २५ टक्के जागांचे रक्षण करावे. पण त्यालाच अंतिम ध्येय समजू नये. आठवीनंतर ही सवलत संपते आणि मूल फीच्या दारात उभे राहते, हेही विसरू नये. दुसरी, सरकारी शाळा अशी करावी की शेजारच्या इमारतीतील पालकालाही ती हवीशी वाटेल. मुंबई महापालिकेने २०२० नंतर केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या, तेव्हा जागांहून अधिक अर्ज येऊन सोडत काढावी लागली. शाळा चांगली असली की पालक येतात. मात्र असे दोन प्रकार न ठेवता पालिकेची प्रत्येक शाळा त्या दर्जाची झाली पाहिजे. तिसरी, परिसराची हद्द आखताना वस्ती व वसाहत, गाव व गावकुसाबाहेरची घरे एका शाळेच्या कक्षेत यावीत. चौथी, वसतिगृहे वाढवावीत. २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून रोख मदत मिळते, ती हवीच. पण पैशाने खोली मिळते, सहजीवन मिळत नाही. भाऊरावांनी मुलांना भाडे वाटले नव्हते, एका पंक्तीला बसवले होते.

कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्या परिसरापासून करावा. जवळच्या सरकारी शाळेचा पट किती, शिक्षक किती, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शेवटची कधी झाली, ही माहिती प्रत्येक शाखेने गोळा करावी. समितीत पालकांचे बहुमत असावे असे कायदा सांगतो. त्या पालकांना तो अधिकार ठाऊक करून द्यावा. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपले मूल त्या शाळेत घालावे. तेरा वर्षांच्या आत काय ते घडते. सात वर्षांच्या मुलाच्या हातात केवळ सहा वर्षे आहेत. चळवळीचे ठराव तेवढे थांबू शकतील, ते मूल थांबू शकणार नाही.