पदवीधराचा उन्हाळा

(खानापूर तालुक्यांतील एका गांवच्या वाचनालयांत, पदवी मिळविलेल्या मुलामुलींच्या सत्काराच्या वेळीं एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज ज्या नऊ मुलामुलींना आपण नारळ आणि टॉवेल दिला, त्यांच्याविषयीं चार गौरवाचे शब्द बोलावे म्हणून मला येथें उभें केलें आहे. मी मराठी शाळेचा मास्तर. माझें सारें शिक्षण मराठींत झालें, त्यावर दोन वर्षें अध्यापक विद्यालयांत गेलीं. विद्यापीठाची पायरी मीं चढलेली नाहीं. तेव्हां पदवीधरांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं. त्याऐवजीं एका मुलाच्या उन्हाळ्याची हकीकत सांगतों. मुलगा आपल्यांतलाच आहे. नांव सांगत नाहीं, ओळखणारे ओळखतील. सांगण्यास त्याची परवानगी घेतली आहे.

हा मुलगा चौथीपर्यंत माझ्या हाताखालीं शिकला. बाप अडीच एकराचा धनी, त्यांतलें एक एकर नुसता माळ. चौथीनंतर पुढें काय, म्हणून बाप विचारावयास आला, तेव्हां मींच सांगितलें होतें, "शिक्षण मोडूं नका, शिकला तर सावलींत बसेल." ही सावली आपल्या लोकांना फार आवडते. पिढ्यान् पिढ्या उन्हांत गेल्या, तेव्हां आवडावयाचीच. मुलगा २०२४ सालीं बी. ए. झाला आणि सरकारी परीक्षांच्या तयारीसाठीं पुण्यास गेला. बापानें दोन्ही म्हशी विकल्या. पुण्यांत सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता ह्या भागांत अशा मुलांचें एक वेगळेंच गांव वसलें आहे. खोलींत एका खाटेपुरती जागा भाड्यानें घ्यावयाची, खाणावळ लावावयाची, आणि सकाळीं सातापासून रात्रीं अकरापर्यंत अभ्यासिकेंतल्या एका टेबलापुढें बसावयाचें. महिन्यास आठ हजार रुपये लागत. दोन म्हशी किती महिने पुरल्या असतील, याचा हिशेब आपणच करा.

तेथें त्याच्या शेजारीं बसणारीं कित्येक मुलें २०२३ सालच्या तलाठी भरतींतून हात हालवीत परत आलेलीं होतीं. त्या भरतींत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून अधिक! एका जागेस दोनशेंवर उमेदवार झाले. अर्जाची फी खुल्या वर्गास हजार रुपये, मागास वर्गास नऊशें. दोनशेंतला एक खुर्चीवर बसला, आणि उरलेल्या एकशें नव्याण्णवांचे आईबाप गांवांत सांगत फिरतात कीं आमच्या पोराचा अभ्यास कमी पडला. अहो, सगळ्या दोनशें पोरांनीं दुप्पट अभ्यास केला असता, तरी खुर्ची एकच होती ना? दुसरीच्या मुलाला जें गणित घालतां येतें, तें आपल्याला कां येऊं नये?

पण तलाठ्याच्या जागेसाठीं एवढी झुंबड उडते ह्याचें मला हंसूं येत नाहीं. त्या जागेला इतिहास आहे. गांवचें दप्तर पूर्वीं कुळकर्ण्याच्या घरांत असे. त्यांत काय लिहिलें आहे तें शेतकऱ्यास वाचतां येत नसे, आणि खालीं अंगठा मात्र त्याचा. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' ह्याच दुःखांतून निघाला. शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या, आणि १९१८ सालीं कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. त्या काळच्या आपल्या माणसांना सरकारी जागा पगारासाठीं हवी होती हें खरेंच. परंतु दप्तर आपल्या डोळ्यांना दिसावें, ही भूक त्याहून मोठी होती. हें मुद्दाम सांगून ठेवतों. पुढें त्याचें काम पडणार आहे.

२०२५ च्या मार्चअखेर पैसे संपले आणि मुलगा परत आला. येथून त्याचा उन्हाळा सुरू होतो.

आधीं तो चाकणला गेला. मित्रानें बजावलें होतें, "पदवी आहे म्हणून सांगूं नकोस, ठेकेदार पदवीवाल्याला घेत नाहीं, म्हणतो हे टिकत नाहींत." तीन वर्षें शिकून मिळविलेली गोष्ट लपवून ठेवावयाची! बारा तासांची पाळी, आय.टी.आय. झालेल्या मुलास दोन पैसे जास्त, ह्याला कमी. आठ दिवसांत परत आला. मग एका परीक्षेचें केंद्र चार जिल्हे ओलांडून आलें. त्या वर्षीं २५ जानेवारीपासून एस. टी. चें भाडें जवळजवळ पंधरा टक्क्यांनीं वाढलेलें. परीक्षा दोन तासांची, आणि प्रवास दोन रात्रींचा.

त्यानंतर चुलत्यानें त्याला सेलमला बोलाविलें.

आपल्या भागाला हें सांगावयास नको, तरी परगांवची पाहुणेमंडळी आहेत म्हणून सांगतों. विटें, खानापूर, आटपाडी ह्या पट्ट्यांतल्या दुष्काळानें हजारों माणसें गलाईच्या धंद्यांत लोटलीं. केरळापासून बंगालपर्यंत, जेथें जेथें सराफपेठ आहे, तेथें तेथें आपला एखादा माणूस बोळांत भट्टी लावून बसलेला सांपडतो. जुने दागिने मुशींत आटवावयाचे, तेजाबांत टाकून हिणकस काढावयाचें, सोनाराच्या दुकानांतली झाडलोट विकत घेऊन तिच्या राखेंतून कण वेंचावयाचे. मुलगा मिरजेहून रेल्वेनें बेंगळुरास आणि तेथून सेलमला गेला. दहा बाय बाराची खोली. पुढें दुकान, मागें भट्टी, माळ्यावर झोपणें. तेजाबाचा पिवळा धूर घशाला झोंबतो, आणि चुलत्याला तीस वर्षांनीं आतां तो जाणवतहि नाहीं. पोरानें भट्टीपुढें बसून पाहिलें. चुलता म्हणाला, "बी. ए. झालास तरी मुशीला विस्तव तेवढाच लागतो." त्याच महिन्यांत सोनें तोळ्यास लाखावर जाऊन पोंचलें होतें. लोकांस वाटतें गलाईवाल्याची चंगळ झाली असेल. चुलत्यानें उलटें सांगितलें: ज्याच्यापाशीं भांडवल नाहीं त्याला एवढ्या भावानें मोड घेणेंच परवडत नाहीं. बारा दिवस राहून मुलगा निघाला. निघतांना चुलता म्हणाला, "गांवीं सांग, दोन वर्षें झालीं, जत्रेलाहि येणें झालें नाहीं."

हें वाक्य ध्यानांत ठेवा.

३० एप्रिलला मुलगा घरीं आला, आणि दुसऱ्या दिवशीं महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. आतां गंमत पाहा. हीच ग्रामसभा त्यानें पुण्यांत वर्षभर पाठ केली होती. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. वर्षांत निदान चार ग्रामसभा. गणसंख्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी कमी असेल ती. प्रश्नपत्रिकेंत आलें असतें तर डोळे मिटून उत्तर लिहिलें असतें. पण स्वतःच्या गांवच्या ग्रामसभेंत तो जन्मांत कधीं बसला नव्हता. त्या दिवशीं काम नव्हतें म्हणून गेला, आणि संवयीनें माणसें मोजलीं. तेवीस भरलीं; त्यांत दोघे झोंपलेले. त्यानें उठून विचारलें, "गेल्या सभेचें इतिवृत्त वाचून दाखवाल का?" उत्तर आलें, लेखी अर्ज कर.

त्यानें केला. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. दहा रुपयांचें तिकीट लावून साध्या कागदावर अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर. हेंहि पाठच होतें.

ते तीस दिवस तो रिकामा बसला नाहीं. मित्राच्या गाडीवरून बलवडीला जाऊन बळीराजा स्मृति धरण पाहून आला. आपल्याच तालुक्यांत, येरळेवर. दुष्काळ आणि १९८२ चा मुंबईचा गिरणी संप ह्यांनीं पोळलेल्या लोकांनीं त्या काळांत येथें चळवळ उभारली, आपल्याच नदीची वाळू विकून पैसा उभा केला आणि धरण बांधलें. ज्याला जमीन नाहीं त्यालाहि पाण्याचा वांटा असावा, हा त्यांचा आग्रह. जेथून आपलें घर वीस-पंचवीस मैल आहे, तेथें हें घडलें, आणि आपल्या शाळेची सहल मीं आजवर तेथें एकदांहि नेली नाहीं! मुलगा आल्यावर दोन दिवस त्याबद्दलच बोलत होता.

मे संपतांना काय झालें तें आपण सर्वांनीं भोगलेंच आहे. त्या सालीं उन्हाळा पुरा झालाच नाहीं. २६ मे रोजीं पावसाळा मुंबईंत येऊन बसला. कडबा भिजला. अशा धांदलींत मुलाचा बाप एका संध्याकाळीं माझ्याकडे आला. अंगावरचें पोतें सुद्धां काढलें नाहीं. म्हणाला, "गुरुजी, पोराला समजवा. माझ्या गोठ्याचं परकरण पंचायतीत पडलंय. लोक म्हनत्यात, तुझ्या पोराला आवर, मग बघू. आन् उद्या कुठं लागायचं झालं तर पोलिसाचा दाखला लागतो. आताच नाव खराब झालं तर?"

त्या माणसाची भीति खोटी नव्हती. मीं मुलाला बोलावणें पाठविलें आणि सांगितलें कीं, अर्ज मागें घे, आधीं नोकरीचें पाहा, गांव कोठें पळून जात नाहीं. मास्तर लोक असेंच सांगतात.

मुलानें पिशवींतून कागद काढले. नकला आदल्याच दिवशीं मिळाल्या होत्या. नऊ पानें, पानास दोन रुपये, अठरा रुपये. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचें हजेरीपत्रक होतें तें. त्यानें एका ओळीवर बोट ठेवलें. सेलमच्या चुलत्याची सही! जो दोन वर्षांत जत्रेला आला नाहीं, तो ग्रामसभेला हजर! तिकडेच असणाऱ्या आणखी दोघांच्याहि सह्या. मी हंसलों. तो हंसला नाहीं. पान उलटून त्यानें अगदीं हळू विचारलें, "गुरुजी, ही सही तुमचीच का?"

माझीच होती. मी ह्याच गांवचा मतदार. २८ जानेवारीला दुपारीं पोरांना खिचडी वाढण्याच्या वेळीं पंचायतीचा शिपाई वही घेऊन शाळेंत आला होता, आणि मीं टेबलावर वाकून, वरचें एक अक्षर न वाचतां, सही ठोकली होती. वर ठराव होता. खालच्या वस्तीची पाण्याची पाईपलाईन आराखड्यांतून काढून पेठेंतलें गटार घेतल्याचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला साठ टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठींच बांधलेला होता. आणि त्या नांवाखालीं गटारहि बसतें. कागद निर्दोष होता. खालच्या वस्तींतलीं सात मुलें माझ्या वर्गांत आहेत. मार्चपासून तीं शाळेंत उशिरां येतात, कारण हापशावर नंबर लावून येतात, आणि उशिरां आलीं म्हणून मी त्यांना दाराशीं उभें करीत असें.

अंगठेबहाद्दर म्हणून आपण आजोबांना हंसतों. आजोबांना वाचतां येत नव्हतें. मला येतें.

मीं अर्ज मागें घे म्हणून पुन्हां म्हटलें नाहीं. पुढचें थोडक्यांत सांगतों. जून-जुलै आम्हीं दोघांनीं तीं पानें घरोघर नेऊन वाचून दाखविलीं. कांहींनीं दार लावून घेतलें, कांहीं म्हणाले मास्तरची बदली करावी. १४ ऑगस्टला बायकांची सभा भरली. खालच्या वस्तींतल्या बाया प्रथमच पंचायतीच्या पायऱ्या चढल्या आणि त्यांनीं हापशाच्या रांगेचा हिशेब मिनिटांत मांडला. दुसऱ्या दिवशींच्या ग्रामसभेंत मीं उठून सांगितलें कीं जानेवारीची माझी सही शाळेंत झाली, सभेंत नव्हे. माझा आवाज कांपत होता हें पुढें बसलेल्यांना ठाऊक आहे. पाईपलाईन पुन्हां आराखड्यांत घेण्याचा ठराव झाला. वही सभेंतच फिरली, आणि प्रत्येकानें वरचा मजकूर वाचवून घेऊन सही केली, त्यामुळें सभा दिवेलागणीपर्यंत चालली.

मुलगा त्या दिवशीं नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत त्याला कराडास एका दवाखान्यांत कागदपत्रें सांभाळण्याचें काम मिळालें आहे. पगार बारा हजार. दवाखान्याला १५ ऑगस्टची सुट्टी नसते. सकाळीं त्यानें शिपायाला फोन करून दोनदां बजावलें, "माझी सही कोणी करूं नका."

त्याच्या आईबापांना हें काम 'लागणें' वाटत नाहीं. कालवड विकून आणखी एक वर्ष पुण्याला पाठवावें, असें आईच्या मनांत आहे. परवां बाप पुन्हां माझ्याकडे आला होता, "गुरुजी, तुम्हीच सांगा." चौथीच्या वेळीं मीं एका क्षणांत सांगितलें होतें. ह्या वेळीं मीं पोरालाच विचारा म्हटलें. कराडहून तो शनिवारीं येतो, तेव्हां बोलणें होईल.

पाईप येऊन पडले आहेत, चर अजून खणला नाहीं. गोठ्याचें प्रकरणहि अजून टेबलावरच आहे. त्याबद्दल पुढच्या ग्रामसभेंत मी विचारणार आहें. २६ जानेवारीचीं तीं नऊ पानें येथें वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या फळीवर ठेवलीं आहेत. आपापली सही ज्याला पाहावयाची असेल त्यानें जातांना पाहावी.