मिठीच्या माहेरी

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घर बदललं की माणूस आधी सामान लावतो. नंतर दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला शोधतो. एवढं झालं की आपण त्या जागी राहायला आलो असं त्याला वाटू लागतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण नव्या जागेची खरी ओळख चपला झिजवल्याशिवाय होत नाही, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. त्या पायपिटीबद्दलच आज तुमच्याशी बोलणार आहे.

आम्ही कुर्ल्याचे. पश्चिमेला, मिठी नदीपासून चार गल्ल्या अंतरावर आमची चाळ होती. तिथली खोली विकून, मुलीच्या नोकरीचा आधार घेऊन, आम्ही मरोळ-मरोशीच्या बाजूला एका नव्या इमारतीत राहायला आलो. नववा मजला. हॉलच्या खिडकीतून समोर आरे कॉलनीची झाडी दिसते. पाहुणे आले की आधी खिडकीकडे जातात आणि म्हणतात, "वा! मुंबईत राहून महाबळेश्वर!" पहिले काही महिने मीही ती झाडी अशीच बघत होतो, भिंतीवर कॅलेंडर टांगावं तशी.

मी कविता लिहितो. माझ्या कवितांमध्ये रान पुष्कळ आहे. एके दिवशी मुलीने खिडकीत उभं राहून विचारलं, "अब्बा, ते समोरचं उंच झाड कशाचं?" मला सांगता आलं नाही. तिने दुसरं दाखवलं, तेही सांगता आलं नाही. ती हसली आणि कामाला निघून गेली. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर पायात बूट घातले आणि खाली उतरलो.

फाटकाशी वॉचमनने अडवलं. म्हणाला, "चाचा, उजाडू द्या. अंधारात तिकडे जाऊ नका. बिबट्या फिरतो." मला वाटलं, नवीन माणसाला घाबरवतोय. पण ते खरं होतं. 2021 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरही आरेत बिबट्याने माणसांवर हल्ले केले आहेत. पाड्यांवरची माणसं अंधार पडल्यावर एकटी बाहेर पडत नाहीत. पडावं लागलंच तर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालतात आणि मुलांना मधे घेतात. तीच माणसं वाघोबाला देव मानतात. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे वाघाचं चित्र कोरलेलं लाकूड. भीतीही त्याची आणि नवसही त्यालाच. तेव्हापासून मी सात वाजल्याशिवाय निघत नाही.

आरे म्हटलं की आपल्या पिढीला दूध आठवतं. कुर्ल्याला आमच्याकडे आरेचं कार्ड होतं. पहाटे केंद्रावर रांग लागायची. रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. बाटलीच्या तोंडावरचं पातळ चकचकीत झाकण आम्ही मुलं जमवायचो आणि चपटं करून वहीत ठेवायचो. अम्मी दूध तापवताना म्हणायची, "सरकारी दूध आहे, पाणी नाही घातलेलं." ते 'आरे' हे एका गावाचं नाव आहे आणि त्या गावाला रस्ते आहेत, ओढे आहेत, माणसं आहेत, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मुंबई शहरात पूर्वी गल्लीबोळांत तबेले होते. घाण व्हायची आणि दुधात भेसळही व्हायची. हे तबेले शहराबाहेर एका जागी न्यायचे, जनावरांना मोकळी हवा आणि माणसांना स्वच्छ दूध द्यायचं, ही कल्पना दारा खुरोडी यांनी प्रत्यक्षात आणली. 1949 मध्ये वसाहतीची स्थापना झाली आणि 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुमारे 3160 एकरांचा हा पसारा. खुरोडींना 1963 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर. कुरियन यांचं नाव घरोघरी पोचलं. खुरोडींचं नाव मात्र आरेच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या माझ्यासारख्यालाही माहीत नव्हतं.

तबेल्यांना इथे 'युनिट' म्हणतात. पत्ता सांगतानाही युनिटचा नंबर सांगतात. सकाळी त्या रस्त्याने गेलं की आधी शेणाचा वास येतो, मग वैरणीचा, मग दुधाचा. म्हशींसाठी ओलसर जागेत पॅरा गवत लावलेलं असतं. मुख्य रस्त्यावर भरधाव गाड्या, बाजूला ट्रॅकसूट घातलेली चालणारी मंडळी, आणि त्यांच्यामधून डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस. तिघंही एकमेकांकडे बघत नाहीत.

मीही पहिला महिना मुख्य रस्त्यानेच चाललो. छोटा काश्मीरच्या बागेपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. आतल्या पायवाटांवर पाऊल टाकायला संकोच वाटायचा. ती वाट दाखवली एका मावशींनी.

जूनची सुरुवात होती. रस्त्याकडेला गोणपाटावर त्यांनी रानभाजी मांडली होती. जांभळट, लांबुडके कोंब. मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"शेवळं. खाल्ली नाय कदी?"

"नाही."

"मग ही काकडं पण घ्या. त्याशिवाय शिजवाल तर घसा खाजंल."

आंबट, हिरवी, बोराएवढी फळं त्यांनी मूठभर टाकली. मग विचारलं, "नवीन आलात का? कुठली बिल्डिंग?"

मी लांबून बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "ती होय! तिथं आम्ही गवत कापायला जायचो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र काय उत्तर द्यावं सुचेना. मी पिशवी उचलली आणि घरी आलो. बायकोने त्या भाजीत जवळा घातला. घसा खाजला नाही.

आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, चाफ्याचा पाडा, नवशाचा पाडा, मरोशी पाडा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींची ही माणसं डेअरी येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. आपल्याला वाटतं, आधी वसाहत आली आणि मग तिच्या कडेला पाडे वसले. क्रम उलटा आहे. म्हशी नंतर आल्या, चित्रनगरी नंतर आली आणि नवव्या मजल्यावरचा मी तर सगळ्यांत शेवटी.

मावशींशी ओळख वाढली. त्यांनी मला झाडं शिकवली. खिडकीतून दिसणारं ते उंच झाड काकडाचंच निघालं, ज्याची फळं मी खाल्ली होती! ऐन, पळस, करंज, सावर, एकेक नाव मी वहीत लिहीत गेलो. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पयला पाऊस पडला का नदीला वलगण चढते. पोरं मासे धरायला जातात. मुठे पण मिळतात."

मी विचारलं, "कुठली नदी?"

"ही काय, खालची. मिठी."

श्रोतेहो, त्या नावाने मी जागच्या जागी थबकलो. त्याचं कारण सांगायला वीस वर्षं मागं जायला हवं.

26 जुलै 2005. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस. संध्याकाळी मिठीचं पाणी आमच्या चाळीत शिरलं. आधी घोट्याला, मग गुडघ्याला. तासाभरात खाट तरंगू लागली. वरच्या मजल्यावर एका मालवणी कुटुंबाच्या खोलीत आम्ही सतरा माणसांनी रात्र काढली. त्या काकूंनी कुणाचं नाव विचारलं नाही, फक्त भाताचं पातेलं मोठं चढवलं. पाणी उतरल्यावर खाली आलो, तर घरात गुडघाभर चिखल होता. माझ्या कवितांच्या तीन वह्या ट्रंकेत होत्या. शाई पसरून पानं निळी झाली होती. अकरा वर्षांचं लिहिलेलं एका रात्रीत गेलं. त्यातल्या काही ओळी आठवून पुन्हा लिहिल्या, बाकी गेल्या त्या गेल्या.

त्यानंतर मिठीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली, नदीसाठी प्राधिकरण झालं. पात्र अरुंद झालं आहे, काठावर भराव पडले आहेत, गाळ साचला आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं. माझ्या मनात मात्र त्या नदीबद्दल अढी बसली ती बसलीच. पुलावरून बस जाताना मी दुसरीकडे बघायचो. आणि घर बदलून मी आलो होतो कुठे, तर तिच्याच उगमापाशी!

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी निघते. विहारचं पाणी 1860 मध्ये मुंबईला नळाने मिळू लागलं. पावसाळ्यात तलाव भरले की जास्तीचं पाणी मिठीत येतं. आरेच्या कडेने ती मरोशी, मरोळकडे उतरते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, कुर्ल्याला वळसा घालते आणि धारावीजवळून माहीमच्या खाडीला मिळते. सगळा प्रवास अठरा किलोमीटरच्या आतबाहेरचा. एखादा धडधाकट माणूस दिवसभरात चालून जाईल.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या नातवाला बरोबर घेतलं. तलावाच्या भिंतीपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून त्याने पाड्यामागच्या पायवाटेने नेलं. उतारावरून खाली आलो आणि पाणी दिसलं. घोटाभर खोल, तळाचे दगड दिसतील इतकं नितळ. दोन पोरं वाकून दगड उलटे करत होती, मुठे शोधत होती. मी त्या पोराला दोनदा विचारलं, "हीच ना मिठी? नक्की?" तो हसला.

मी काठावर बसलो. वाहतं पाणी होतं, म्हणून वजू केली. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं. ज्या पाण्याने माझ्या वह्या पुसल्या, तेच हे पाणी. राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही.

मग तसाच काठाकाठाने खाली चालत गेलो. दोनेकशे पावलांवर एका तबेल्यामागून येणारा ओहोळ नदीत मिळत होता. शेण धुतलेलं, काळपट हिरवं पाणी. त्याच्या पुढे तळ दिसेना. आणखी पुढे झोपड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल. मग पुलाजवळ एक जाड पाइप, त्यातून साबणाच्या फेसाचं पाणी पडत होतं. मी वर पाहिलं. इमारती होत्या, माझ्या इमारतीसारख्याच.

वजू करायला योग्य असलेली नदी दोनशे पावलांत तशी राहिली नाही. लहानपणी ज्या तबेल्यांचं दूध पिऊन मी वाढलो, त्यांचं शेण त्यात होतं. आणि आता ज्या इमारतीत राहतो, तशांचा साबणही. वीस वर्षं मी नदीला दोष देत होतो. नदीने माझ्या घरात आणून टाकलं ते वरच्या माणसांनी तिला दिलेलंच होतं. आता वरचा माणूस मी होतो.

आरेच्या झाडांबद्दल तुम्ही वाचलेलं असेल. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये एका रात्रीत तोड सुरू झाली, दोन हजारांहून अधिक झाडं पडली आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली. पुढे शेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, 2022 मध्ये ते परत आरेत आलं. आता ती मेट्रो कफ परेडपर्यंत धावते. खोटं कशाला बोलू, माझी मुलगी रोज त्याच गाडीने कामाला जाते आणि मीही जातो. पूर्वी दीड तास धक्के खात जायची, आता लवकर घरी येते. म्हणून त्या झाडांबद्दल मोठ्या आवाजात बोलायचा मला संकोच वाटतो. पण गप्प बसणंही जमत नाही. ज्याचा फायदा आपण घेतो, त्याची किंमत कोण मोजतं, एवढं तरी आपल्याला माहीत असलं पाहिजे.

घरी आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, "आपलं सांडपाणी कुठे जातं?" ते म्हणाले, "गटारात." मी म्हटलं, "आणि गटार?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की निवृत्तीनंतर यांना दुसरं काही काम उरलेलं नाही. पण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी तो विषय घालायला लावला आहे. सातवा विषय. पार्किंगनंतरचा. त्या सभेत मी उभा राहणार आहे. कविता वाचताना पाय थरथरत नाहीत, तिथे थरथरतील.

श्रोतेहो, तुम्हीही कधी घर बदललंत, किंवा एकाच घरात तीस वर्षं राहत असलात, तरी एक करून बघा. एका सकाळी खाली उतरा आणि मुख्य रस्ता सोडून चाला. आपल्या दाराशी येणारं पाणी कुठून येतं आणि आपल्या मोरीतून गेलेलं कुठे जातं, तेवढं चालून बघा. वाटेत कुणी भाजी विकत बसलेलं असेल तर नाव विचारा, आधी भाजीचं, मग माणसाचं.

या वर्षीही पहिल्या पावसात वलगण चढली. मावशींच्या नातवाने मला हाक मारायला माणूस धाडला होता. मी गेलो. मासे मला एकही धरता आला नाही. पण त्याने हाक मारली, याचाच मला आनंद झाला.