बलोपासनेतील भुकेल्याचा वाटा



पहाटे पाचच्या सुमारास मराठवाड्यातील कुठल्याही मोठ्या गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिले, की अंधारातून आधी पावलांचा आवाज येतो आणि मग धावणारी मुले दिसतात. पोलीस भरतीची ही तयारी असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. केज तालुक्यातील युसूफ वडगाव याला अपवाद कसे असेल? शरीर घडवण्याचा इतका नेमका, सेकंदात मोजला जाणारा संकल्प शहरातल्या महागड्या व्यायामशाळेतही क्वचितच आढळावा.

याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांत संसार भरलेले असतात. पत्र्याची पेटी, चूल, शेळी, कडेवरचे मूल आणि कोयता. नवरा-बायकोच्या जोडीलाही ऊसतोडीत ‘कोयता’च म्हणतात, यावरून त्या जगात माणसाची किंमत कशावरून ठरते ते कळावे. एक घाम स्वेच्छेने गाळला जातो, दुसरा घेतलेली उचल फेडण्यासाठी गाळावा लागतो. पुष्कळदा हे दोन्ही घाम एकाच घरातले असतात. म्हणूनच व्यायाम आणि भूक हे दोन विषय येथे वेगवेगळे मांडता येत नाहीत.

आपल्या शरीराच्या संकल्पाला दुसऱ्याच्या भाकरीची जोड द्यावी, ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९६९ पासून भुकेल्यांसाठी पदयात्रा निघते. चालणारा आपल्या आप्तेष्टांकडून वचन घेतो, की मी इतके मैल चाललो तर तुम्ही इतकी रक्कम द्यायची. मुंबईत २००४ साली मोठी मॅरेथॉन सुरू झाली, तीही सेवासंस्थांसाठी निधी उभा करण्याचे मोठे साधन ठरली. ४२.१९५ किलोमीटर धावणारा एखादा अधिकारी आपल्या धावण्याच्या नावाने मित्रांकडे हात पसरतो आणि एरवी न मिळणारे पैसे मिळतात. ही पद्धत चांगली आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात एक उणीव आहे. त्या धावण्यातून स्वतः काहीच निर्माण होत नाही. पैसा देणारा कोणी असेल तरच घामाला मोल येते. ज्या गावात देणारे हातच मोजके, तेथे ही रीत जशीच्या तशी कशी चालावी?

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच मातीत सापडते. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती फार ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोंवर आले होते. हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा गांधीजींचा आग्रह होता. विनोबा गेले ते वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीच्या काठी. तेथे त्यांनी औषध म्हणून हाती घेतली कुदळ. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे खणले. पुढे रोज थोडा वेळ वाढवत नेला. साधारण दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले. आजचे व्यायामशिक्षक ज्याला भार हळूहळू वाढवणे म्हणतात, ते शास्त्र या कृश माणसाने एका शेताच्या तुकड्यावर स्वतःवरच लागू केले.

ते शरीर पुढे कशाला उपयोगी पडले? १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला, तेव्हा विनोबांचे वय ५५ होते. त्यानंतर तेरा वर्षे हा माणूस भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर पायी फिरला. ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली बरीचशी नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही इतिहासाला नोंदवावे लागते. केवळ भावनेने काढलेला कागद भूक भागवत नाही. पण पवनारची ती पाच मिनिटांची कुदळ नसती, तर ही पायपीट घडली नसती, एवढे निश्चित.

कुदळीचा हाच धडा आपल्या परिसराने अलीकडे गिरवला आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीनच तालुक्यांत सुरू झाली. वरुड, कोरेगाव आणि आपल्या शेजारचे अंबाजोगाई. पुढल्या वर्षी ती ३० तालुक्यांत गेली, तेव्हा त्यांत केजही होता. ऐन उन्हाळ्यातले ४५ दिवस माणसे पहाटे, नाहीतर चंद्रप्रकाशात टिकाव-फावडे घेऊन माळावर जात. माथ्यापासून पायथ्याकडे येत सलग समतल चर, अनगड दगडी बांध, मातीचे बांध अशी कामे झाली. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो माणसे आली. ज्यांनी आयुष्यात कुदळ धरली नव्हती, त्यांच्या तळव्यांना त्या दिवशी फोड आले. त्यांतल्या काहींनी श्रमापेक्षा छायाचित्रेच अधिक काढली, पण खणलेला चर कोणी कशासाठी खणला हे पाऊस विचारत नाही.

चराचे गणित सोपे आहे. ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर दहा मीटर खणला, तर त्यात एका भरतीला १८०० लिटर पाणी मावते. पावसाळ्यात तो जितक्या वेळा भरेल, तितक्या पटीने पाणी जमिनीत मुरते. शंभर उठाबशांच्या जागी तासभर खणले, तर मांड्या, पाठ आणि खांदे तितकेच घडतात; शिवाय कुणाच्या तरी विहिरीला पाणी लागते आणि रब्बीची ज्वारी हाताशी येते. १९७२ च्या दुष्काळातही माणसे खडी फोडत होती आणि बांध घालत होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. ते श्रम उपाशी माणसाने सुकडीच्या आधारावर केले. ज्याचे पोट भरलेले आहे, त्याने ते आधीच केले असते तर?

धावणे सोडा, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला भरतीत उतरायचे आहे त्याने धावलेच पाहिजे. मात्र धावण्याचाही हिशेब एकदा मांडून पाहावा. ६० किलो वजनाचा तरुण एक किलोमीटर धावला, की सुमारे ६० किलोकॅलरी खर्च होतात. दहा किलोमीटरला ६००, म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅम ज्वारी. महिनाभर रोज पाच किलोमीटर धावले, तर अडीच-पावणेतीन किलो ज्वारीइतकी शक्ती खर्ची पडते. जितके आपण जाळले तितके दुसऱ्याला द्यायचे, असा नेम धरला तरी तो कुठल्याही घराला झेपणारा आहे. एवढे थोडे का, असे वाटून लाजू नये. पण एवढ्याने भूक मिटली, असेही मानू नये.

कारण आजची भूक १९७२ ची राहिलेली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना पाच किलो धान्य दिले आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. कणगीत गहू-तांदूळ असतो, ताटात डाळ, तेल, दूध, अंडे नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. फडात दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला व्यायाम शिकवायला जाणे हा उद्धटपणा ठरेल. तिला हवे आहेत शेंगदाणे, गूळ, डाळ आणि चार तासांची सलग झोप. तेव्हा किलोमीटरच्या बदल्यात द्यायचे ते नुसते धान्य नको. भरतीची तयारी करणारा मुलगा स्वतःसाठी जे मूठभर शेंगदाणे भिजत घालतो, त्यातलीच दुसरी मूठ तिच्या मुलासाठी निघावी.

विनोबांनीच उतारवयात याला एक साधे रूप दिले होते. १९७३ मध्ये त्यांनी उपवासदानाचा विचार मांडला. स्वतः ते महिन्याच्या ११ आणि २५ तारखेला अर्धा-अर्धा दिवस उपवास करीत. त्यांच्या जेवणाचा खर्च दिवसाला तीन रुपये, म्हणून वर्षाचे वाचलेले ३६ रुपये सर्व सेवा संघाला दिले जात. आपल्या घरांतून एकादशी आणि चतुर्थी होतच असतात. साबुदाण्याने ताट दुप्पट भरण्याऐवजी एका वेळचे जेवण खरोखरच वगळले, तर पोटालाही विश्रांती मिळते आणि वाचलेल्या पैशांतून शाळेच्या पोषण आहारात एका दिवसाचे तिथीभोजन देता येते. सरकारी योजनेत त्याची सोय आहे. तेथे सर्व मुले एका पंगतीत जेवतात. कोण गरीब हे वेगळे दाखवावे लागत नाही.

गावात करायचे काम लहानच आहे. सकाळी धावणाऱ्या मुलांनी एका वहीत रोजचे अंतर लिहावे आणि आठवड्यातला एक दिवस धावण्याऐवजी माळावर चर खणावा. कारखान्याला जाणाऱ्या कुटुंबांपैकी कोणाची मुले आजी-आजोबांजवळ मागे राहणार आहेत, याची माहिती दसऱ्याच्या आधीच अंगणवाडीच्या ताई आणि शाळेचे गुरुजी यांच्याकडून घ्यावी. ट्रॅक्टर निघून गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्या घरांत चूल वेळेवर पेटत नाही. वहीतल्या किलोमीटरांचे शेंगदाणे आणि डाळ त्या आठवड्यातच पोहोचले पाहिजेत.