अंतर्गळ आणि पितृत्व



जांघेतला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, हे लपविण्याचे दुखणे मानले जाते. त्यामागे लाज असते, तशी एक भीतीही असते : शस्त्रक्रिया केली तर पुढे मूल होईल ना? ही भीती अगदीच निराधार नाही; म्हणूनच ती नीट पारखली पाहिजे.

ज्या वाटेने आतडे खाली उतरते, त्याच वाटेने वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी जातात. इटलीतील शल्यविशारद बास्सिनी यांनी १८८७ साली ही वाट टाक्यांनी बळकट करण्याची पद्धत मांडली. आता प्रौढांत बहुधा जाळी बसवितात. पद्धत बदलली, शेजार बदलला नाही. शुक्रवाहिनीला इजा क्वचितच होते. बालवयात ती फार बारीक असल्याने अधिक जपावे लागते. एका बाजूस इजा झाली, तरी दुसरी निरोगी असल्यास पितृत्व सहसा अडत नाही.

उलट, अंतर्गळात आतडे अडकून पिळले गेले, तर प्राणावर बेतते. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया या भीतीपोटी टाळू नका. शंका आधी विचारा.

आणि लग्नानंतर मूल होत नसेल, तर लहानपणीचा तो व्रण विसरू नका. वीर्यतपासणी सोपी आहे; तुटलेली वाहिनी कधीकधी सूक्ष्म शस्त्रक्रियेने जोडताही येते. सुनेला पिंपळाच्या प्रदक्षिणा सांगण्याआधी मुलाची तपासणी करावी, एवढेच माझे मागणे आहे.