परदेशातील भाषाध्ययन आणि घरचे दप्तर

(भाषणाचा मजकूर)



मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणार असे घरात निघाले, की पहिला प्रश्न असतो तो विषयाचा. अभियांत्रिकी, वैद्यक, संगणकशास्त्र यांपैकी काही सांगितले तर वडीलधाऱ्यांचे समाधान होते. भाषा, इतिहास अथवा कला असे उत्तर आले तर मात्र क्षणभर कोणी बोलत नाही. एवढा खर्च करून, एवढ्या दूर जाऊन, हे शिकून पुढे करावयाचे काय, हा त्या मौनाचा अर्थ. प्रश्न गैर नाही. बागायतीच्या उत्पन्नावर किंवा एका पगारावर चालणाऱ्या कुटुंबाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. यास्तव त्याचे उत्तर मोघम शब्दांत न देता घडलेल्या गोष्टींच्या आधारे देणे उचित ठरेल.

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांचा जन्म १८८७ साली मुंबईत झाला. केंब्रिज येथे ते गणित शिकले आणि त्यानंतर बर्लिनला जाऊन प्राध्यापक हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृताचा अभ्यास करू लागले. शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. मुंबईच्या विद्यार्थ्याने संस्कृतासाठी जर्मनीस जावे, याचे कोणासही नवल वाटेल. आपल्याकडे व्युत्पन्न शास्त्र्यांची वाण नव्हती. संस्कृत तर त्यांना मुखोद्गत होते. बर्लिनमध्ये मिळाली ती गोष्ट निराळी होती. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या एकमेकींशी जुळत नसतील, तर त्यांतून जुन्यात जुना पाठ कसा शोधावा, याचे ते शास्त्र होय.

हे शास्त्र वाटते तितके दुर्बोध नाही. समजा, एका दस्ताच्या चार नकला आहेत आणि त्यांपैकी दोहोंत एकच चूक एकाच जागी आढळते. त्या दोन्ही नकला बहुधा एकाच आधीच्या नकलेवरून उतरल्या, असे कोणताही जाणता कारकून सांगेल. पोथ्यांचेही तसेच आहे. समान चुका धरून त्यांची घराणी लावता येतात. कुळाचा वंशवृक्ष मांडावा तसा पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो.

१९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुकथनकरांकडे सोपविले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मलयाळम् लिपीपर्यंत अनेक लिप्यांतील पोथ्या ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्यांचा उपयोग करण्यात आला. येथे सुकथनकरांची खरी योग्यता दिसून आली. युरोपातील पद्धत त्यांनी जशीच्या तशी लावली नाही. महाभारत हे शतकानुशतके गायिले, सांगितले आणि वाढविले गेलेले काव्य आहे. निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्यामुळे वंशवृक्षाची रीत येथे एका मर्यादेपर्यंतच चालते, हे त्यांनी ओळखले व तसे लिहून ठेवले. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहेत, ही सर्वांच्या आवडीची कथा पुराव्याच्या कसोटीस न उतरल्याने मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. असा निर्णय घेण्यास विद्येइतकेच धैर्यही लागते. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले, १९४३ साली सुकथनकर निवर्तले, आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ साली सिद्ध झाली. विद्यार्थिदशेत परदेशी घालविलेल्या काही वर्षांचे हे फळ आहे.

दुसरे उदाहरण गोव्याच्या मातीतले. धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळ येथे जन्मले. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, पैसा नव्हता. बुद्धचरित्राच्या ओढीने ते घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत, वाटेत अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले आणि १९०२ साली श्रीलंकेस जाऊन त्यांनी पालीचे अध्ययन केले. मायदेशी परतल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साह्य दिले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले. तरीही बुद्धाविषयी त्यांनी जे लिहिले त्यातील मोठा भाग मराठीत लिहिला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आता पोथ्यांवरून दप्तराकडे वळू. गोव्यात १९६१ पर्यंत कारभाराची भाषा पोर्तुगीज होती. त्यामुळे कोमुनिदादीचे, म्हणजे गावकरीचे, जुने कागद, वाटणीपत्रे, जमिनींचे दस्त आणि वारसाची प्रकरणे यांचा मोठा भाग त्या भाषेत आहे. काही जुने कागद मोडी मराठीतही आहेत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसाहक्काशी असलेला संबंध आजही संपलेला नाही. आजोबांच्या नावाचा दस्त हाती घेऊन वाचणाऱ्याचा शोध करणारी माणसे गावोगाव भेटतात. ज्यांना ती भाषा शाळेपासून अवगत होती, ती पिढी मावळत चालली आहे.

केवळ आजची पोर्तुगीज बोलता आली म्हणून हे काम होत नाही. जुने हस्ताक्षर, अक्षरांचा संकोच, कायद्यातील संज्ञा आणि विशेषतः स्थलनामे, या सर्वांची जाण लागते. त्या कागदांत डिचोलीचे बिचोलिम होते आणि साखळीचे सांकेलिम. शेताचे किंवा वायंगणाचे नाव असेच रूप पालटून आले, तर लिस्बनच्या विद्वानालाही ते उमगणार नाही. आणि गावातील जाणत्याला ते उमगेल, पण वाचता येणार नाही. दोन्ही जाणणारा माणूस तयार व्हावा लागतो. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली, दियोगु दु कौतु या इतिहासकाराच्या देखरेखीखाली, स्थापन झाले. परंतु गोव्याचे सर्वच कागद येथे नाहीत. काही लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या अभिलेखागारात आहेत. पोर्तुगीज भाषा व जुन्या लिपीचे वाचन शिकण्यासाठी लिस्बन किंवा कोइंब्रा येथे जाणारा विद्यार्थी म्हणूनच चैनीसाठी जातो असे म्हणता येणार नाही.

अर्थात तयारी येथूनच झाली पाहिजे. युरोपातील भाषांची पातळी अ१ पासून क२ पर्यंत सहा पायऱ्यांनी मोजली जाते, आणि विद्यापीठातील अध्यापन त्या भाषेत असेल तर बहुधा ब२ किंवा त्यावरील पायरी मागतात. पहिल्या दोन-तीन पायऱ्या घरी राहून चढता आल्या, तर परदेशातील एक वर्ष वाचते. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे अध्यापन होते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही; परंतु राहण्या-जेवण्याचा खर्च आहे, आणि तो भागविण्याची तरतूद व्हिसाच्या वेळी दाखवावी लागते, हे पालकांनी विसरू नये.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत सावध असणे आवश्यक आहे. अनुसूचित जाती आदी घटकांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेतून २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास या विषयांवरील अध्ययन वगळले. शाकटायनाच्या व्याकरणावर लिहू पाहणारा विद्यार्थी त्या नियमात कोठे बसला असता, असा विचार कोणाच्याही मनात यावा. नियम वर्षावर्षाला बदलतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली मुळातून वाचावी आणि हायस्कुलातील व महाविद्यालयातील शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांस समजावून द्यावी. इच्छुक विद्यार्थ्याने जाण्याआधी मोडी शिकून घ्यावी, आणि आपल्या गावातील शेतांची, बांधांची व वाड्यांची नावे जाणत्यांना विचारून एका वहीत उतरवून घ्यावी. ती वही लिस्बनमध्ये त्याच्या टेबलावर असावी.